घरच्या घरी आशियाई धाटणीची सॅलड ड्रेसिंग

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या माणसाला कच्ची भाजी खायला शिकवावी लागत नाही. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर मेथीची पचडी, मुळ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात, काकडी आणि त्यावर शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी घालून सोडलेली कच्च्या तेलाची धार हे ताट इथल्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांत सारखेच ओळखीचे आहे. आपण जिला कोशिंबीर म्हणतो तिचीच जवळची बहीण शेजारच्या कन्नड घरात कोसंबरी या नावाने वाढली जाते. म्हणून चीन, जपान, थायलंड, व्हिएतनाम आणि इंडोनेशिया या देशांत सॅलडवर जी ड्रेसिंग घालतात ती आपल्या स्वयंपाकघरात करणे मुळीच अवघड नाही. तीळ, शेंगदाणे, गूळ, चिंच, लिंबू, आले, लसूण, लाल मिरची हे सारे घरात असतेच. मुद्दाम विकत आणाव्यात अशा बाटल्या दोनच, एक सोया सॉसची आणि दुसरी व्हिनेगरची.

फरक आहे तो कृतीच्या क्रमात. कोशिंबीर करताना आपण भाजी चिरून घेतो आणि तिच्यावरच मीठ, साखर, लिंबू, कूट, फोडणी असे एकेक घालत जातो. ड्रेसिंग करताना हे सगळे आधी वेगळ्या वाडग्यात एकत्र करायचे, चव जुळवायची आणि मगच भाजीवर घालायचे. भाजीवर एकदा पडलेले मीठ परत काढता येत नाही, वाडग्यातले मात्र दुरुस्त करता येते. बिघडलेले ड्रेसिंग पाणी, गूळ किंवा लिंबू घालून ताळ्यावर आणता येते, हाच या पद्धतीचा खरा फायदा आहे.

चव कशी जुळवावी

खारट, आंबट, गोड, तिखट आणि स्निग्ध अशा पाच गोष्टींचा तोल म्हणजे ड्रेसिंग. फ्रेंच पद्धतीच्या ड्रेसिंगमध्ये साधारणपणे तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर असे प्रमाण धरतात. पूर्व आणि आग्नेय आशियात तेल फार कमी असते, आणि व्हिएतनामच्या प्रसिद्ध नुओक चाममध्ये तर ते मुळीच नसते. तेल कमी असले की आंबटपणा जिभेला टोचतो, म्हणून त्याला आवरायला साखर किंवा गूळ लागतो. ही साखर गोडीसाठी नसते, हे लक्षात ठेवले म्हणजे तिचे प्रमाण चुकत नाही.

ड्रेसिंगची चव नुसत्या चमच्याने कधीही पाहू नये. चमच्यावर ते नेहमीच जास्त खारट आणि जास्त आंबट लागते. मग आपण पाणी घालतो, आणि भाजीत मिसळल्यावर तेच ड्रेसिंग मिळमिळीत होते. ज्या भाजीवर ते घालायचे आहे तिचीच एक फोड बुडवून खावी. काकडीत पाणी भरपूर असल्यामुळे तिला ठसठशीत ड्रेसिंग लागते, तर उकडलेल्या रताळ्याला किंवा बटाट्याला आंबटपणा अधिक आणि गोडी कमी असे लागते. मला स्वतःला ही एक गोष्ट कळल्यापासून प्रमाणांची वही फारशी उघडावी लागलेली नाही.

साहित्य आणि त्याचे पर्याय

सोया सॉस हा सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी आंबवून केलेला पदार्थ आहे. सोयाबीन आपल्या जिल्ह्यात भरपूर पिकत असले तरी हा सॉस घरी करण्याच्या भरीस पडू नये, कारण त्यासाठी विशिष्ट बुरशी आणि कित्येक महिन्यांचा वेळ लागतो. सॅलडसाठी ‘लाइट’ म्हणजे पातळ, तांबूस सोया सॉस घ्यावा. आपल्याकडे हाका नूडल्ससाठी जो घट्ट काळा ‘डार्क’ सॉस सर्रास मिळतो, त्याने भाजी काळवंडते. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण २.५ ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, हे पाहता घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर हात आखडता ठेवावा. एका हळदीकुंकवाला मी कोबी-गाजराला सवयीने आधी मीठ चोळून ठेवले आणि नंतर वरून सोया सॉसचे ड्रेसिंग घातले. ते परातभर सॅलड कोणालाही खाता आले नाही आणि मला फार वाईट वाटले. तेव्हापासून सोया सॉस घालायचा असेल तर मीठ सर्वांत शेवटी, तेही लागलेच तर, असा नियम मी पाळते. सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यामुळे ज्यांना गहू चालत नाही त्यांनी तो टाळावा.

व्हिनेगर घेताना बाटलीवरची अक्षरे वाचावीत. किराणा दुकानात मिळणारा स्वस्त पांढरा व्हिनेगर बहुधा ‘सिंथेटिक’ असतो, म्हणजे तो ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेला असतो आणि त्याची चव घशाशी धरते. तांदळाचा व्हिनेगर मऊ आणि किंचित गोडसर असतो. तो नसेल तर गोव्याहून येणारा नारळाच्या माडीचा व्हिनेगर वापरावा. चोर्ला घाटातून गोव्याला जाणे-येणे इतके असते की कोणाला तरी सांगून एक बाटली सहज मागवता येते. पांढराच वापरायचा असेल तर दोन भाग व्हिनेगरला एक भाग पाणी आणि चिमूटभर साखर घालून त्याची धार कमी करून घ्यावी.

तिळाच्या तेलाबाबत मात्र नीट समजून घेतले पाहिजे, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. आपल्या घाण्यावरचे तिळाचे तेल कच्च्या तिळांचे असते. ते फिकट आणि सौम्य असते. चिनी, जपानी, कोरियन स्वयंपाकातले तेल आधी खरपूस भाजलेल्या तिळांचे असते, म्हणून ते गडद तपकिरी असते आणि चमचाभर घातले तरी वाडगाभर वास दरवळतो. एकाच्या जागी दुसरे घातले तर ड्रेसिंग बिघडत नाही, पण त्याचा प्राणच जातो. यावर घरगुती उपाय आहे. संक्रांतीनंतर बहुतेक घरांत तीळ उरलेले असतातच. त्यातले तीन मोठे चमचे तीळ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजावेत. आधी ते नुसते फिरत राहतात, मग एखाददुसरा तडतडतो, मग सगळेच उडू लागतात आणि बोटांत चुरडला तर तीळ सहज फुटतो. या क्षणी कढई उतरवून तीळ ताबडतोब ताटलीत काढावेत, कारण गरम कढईत ते पुढे करपतात आणि कडवट होतात. ते खलबत्त्यात भरड कुटून अर्धी वाटी घाण्याच्या तिळाच्या तेलात घालावेत, अगदी मंद आचेवर पाच मिनिटे तेल कोमट-गरम ठेवावे, झाकून रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळावे. बाजारच्या तेलाइतके ते गडद होत नाही, परंतु वास खरा असतो. गाळून उरलेला चोथा फेकू नये. तो लसणाच्या चटणीत उत्तम लागतो.

तिखटासाठी आपला भाग भाग्यवान आहे. कोरियन पद्धतीच्या सॅलडला जी भरड लाल मिरची लागते ती रंगाने गडद आणि तिखटाला बेताची असते. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी, जिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे काम चोख करते. बिया काढून ती भरडच दळावी. झणझणीत हवे असेल तर त्यात थोडी संकेश्वरी मिसळावी. नुसती संकेश्वरी घातली तर जिभेला इतर चवी कळत नाहीत.

आग्नेय आशियातली ताडाची साखर आपल्याकडे मिळणे कठीण, पण गुऱ्हाळावरचा गडद, रसायनविरहित गूळ तिच्या बराच जवळ जातो. पांढरट-पिवळा गूळ नको. गूळ किसून आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, नाहीतर त्याचे खडे आणि कधी कधी कचराही भाजीत येतो. लिंबू आपले कागदीच उत्तम.

पुढच्या कृतींमध्ये मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर असे धरले आहे.

रोजचे ड्रेसिंग

झाकणाच्या काचेच्या बरणीत दोन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे व्हिनेगर, दीड लहान चमचा साखर, एक लहान चमचा आल्याचा रस, एक मोठा चमचा भाजलेल्या तिळांचे तेल आणि एक मोठा चमचा करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल घालावे, झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट जोरात हलवावे. साखर आधी सोया सॉसमध्ये विरघळू दिली तर बरे, तेलात ती विरघळत नाही. तेल थोड्याच वेळात पुन्हा वर येईल. ते येणारच, म्हणून घालण्यापूर्वी पुन्हा हलवावे. ते टिकून एकजीव राहावे असे वाटत असेल तर अर्धा चमचा मोहरीची पेस्ट किंवा मध घालावा. एवढे ड्रेसिंग अर्धा किलो भाजीला म्हणजे चार माणसांना पुरते. कोबी, गाजर, सिमला मिरची, मोड आलेले मूग, यांतले काहीही चालते.

यातच एक किसलेले गाजर, लहानसा कांदा आणि आल्याचा बोटभर तुकडा घालून मिक्सरमधून फिरवले की जपानी उपाहारगृहांत मिळते तसे केशरी ड्रेसिंग तयार होते. मुलांना हे आवडते.

ठेचलेली काकडी

चीनमध्ये ‘पाय ह्वांग ग्वा’ या नावाने केली जाणारी काकडी मी सर्वांत आधी करून पाहायला सांगेन, कारण ड्रेसिंग भाजीत कसे मुरते ते ती डोळ्यांसमोर दाखवते. या नावाचा अर्थच ठेचलेली काकडी असा आहे. दोन कोवळ्या काकड्या पाटावर ठेवून लाटण्याने किंवा वरवंट्याच्या पाठीने एकच बेताचा तडाखा द्यावा. काकडी लांबीला चिरफाळते आणि आत खडबडीत, उघडे मांस दिसते. सुरीने कापलेली फोड गुळगुळीत असते आणि तिच्यावरून ड्रेसिंग घसरून ताटात जाते. या खडबडीत फोडीत ते अडकून राहते. हातानेच तिचे इंचभर तुकडे करावेत, अर्धा लहान चमचा मीठ लावून गाळणीत पंधरा मिनिटे ठेवावेत. खाली वाटीभर हिरवट पाणी जमते. ते पाणी आताच काढले नाही तर पुढे ताटात सुटते आणि ड्रेसिंग पातळ होते. आपण कोशिंबिरीसाठी काकडी पिळतो तशी मात्र ही पिळू नये, कुरकुरीतपणा जातो. तीन लसूणपाकळ्या ठेचून त्यात एक मोठा चमचा सोया सॉस, दीड मोठा चमचा व्हिनेगर, एक लहान चमचा साखर आणि एक मोठा चमचा मिरचीचे तेल घालून काकडीवर ओतावे. काकडीला आधी मीठ लावलेले असल्यामुळे इथे सोया सॉस मुद्दामच कमी ठेवला आहे.

मिरचीचे तेल करण्यासाठी स्टीलच्या वाडग्यात दोन मोठे चमचे भरड ब्याडगी आणि एक लहान चमचा तीळ घ्यावेत. अर्धी वाटी शेंगदाण्याचे तेल तापवून एक मिनिट उतरवून ठेवावे, त्यात मिरचीचा एक कण टाकून पाहावा. तो फसफसून लालच राहिला तर तेल योग्य आहे. काळा पडला तर आणखी थांबावे. मग तेल दोन-तीन वेळा करून मिरचीवर ओतावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

तिळाचे घट्ट ड्रेसिंग

जपानी भाषेत तिळाला गोमा म्हणतात आणि तिळाच्या ड्रेसिंगमध्ये कालवलेल्या भाजीला गोमा-आए. चार मोठे चमचे पांढरे तीळ वर सांगितल्याप्रमाणे भाजून खलबत्त्यात कुटावेत. आधी भुकटी होते, मग ती ओलसर होऊन बत्त्याला चिकटू लागते; तिळाला तेल सुटल्याची ती खूण. तिथे थांबावे. त्यात दीड मोठा चमचा सोया सॉस, दोन लहान चमचे साखर, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि लागेल तसे दोन-तीन चमचे पाणी घालावे. दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून थंड पाण्यात टाकलेल्या आणि नीट निथळलेल्या बीन्सवर हे फार छान लागते. पालकासाठी व्हिनेगर वगळावा, तो पालकाचा रंग घालवतो. आपल्या तालुक्यात पिकणारी रताळी उकडून, गार करून, जाड चकत्यांवर हे ड्रेसिंग घातले तर उपवासाच्या पलीकडेही रताळे खाता येते हे घरच्यांना पटते. रताळ्याला साखर निम्मी आणि व्हिनेगर दीडपट.

तिळाऐवजी निम्मे कारळे घेऊन मी हे करते. ते जपानी राहत नाही, हे मान्य. पण कारळ्याचा तो काहीसा मातकट, खमंग स्वाद काकडीबरोबर आणि मुळ्याबरोबर इतका जमतो की आमच्या घरी आता तेच अधिक होते.

शेंगदाण्याचे आणि लिंबाचे

इंडोनेशियातल्या गाडो-गाडोमध्ये उकडलेला बटाटा, कोबी, लांब शेंगा, मोड आलेले कडधान्य, टोफू आणि अंडे यांवर शेंगदाण्याचे दाट ड्रेसिंग घालतात. शेंगदाणा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून इकडे आलेली, आणि दोन्हीकडच्या लोकांनी ती चिंच-गुळाशी जोडली, हे मला फार सुंदर वाटते. एक वाटी भाजलेले, सोललेले शेंगदाणे, भिजवलेल्या दोन ब्याडगी मिरच्या आणि दोन लसूणपाकळ्या बारीक वाटाव्यात. त्यात एक मोठा चमचा चिंचेचा कोळ, दीड मोठा चमचा गूळ, एक मोठा चमचा सोया सॉस आणि पाऊण वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटे ढवळत शिजवावे. कडेने तेल दिसू लागले की उतरवावे. गार झाल्यावर ते घट्ट होते, तेव्हा गरम पाणी घालूनच सैल करावे. आपल्या भागातल्या जैन घरांसाठी हे सहज बदलता येते: लसणाऐवजी चिमूटभर हिंग, सोया सॉसऐवजी मीठ, आणि भाज्यांत बटाटा न घेता काकडी व बीन्स.

लिंबाचे ड्रेसिंग याच्या उलट, पातळ आणि तरतरीत असते. थायलंडच्या सोम तामसाठी, ज्याच्या नावाचा अर्थ आंबट आणि कुटलेले असा होतो, दोन लसूणपाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या खलबत्त्यात ठेचून दीड मोठा चमचा गूळ, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा सोया सॉस घालावा. मूळ पदार्थात माशांपासून केलेला फिश सॉस आणि सुकवलेली कोळंबी असते. मासे खाणाऱ्यांनी भाजून भरड केलेले सोडे चमचाभर घातले तर ती चव बरीच साधते. कच्च्या पपईचा कीस त्यात हलके कुटावा. पपई नसेल तर नवलकोल किसून घ्यावा, तोही तसाच कुरकुरीत राहतो. व्हिएतनामी नुओक चाम हवे असेल तर लिंबाचा रस, गूळ आणि सोया सॉस प्रत्येकी दोन मोठे चमचे आणि पाणी चार मोठे चमचे असे प्रमाण ठेवावे. लिंबाचे कोणतेही ड्रेसिंग जेवणाआधी अर्ध्या तासातच करावे; रस शिळा झाला की कडसर लागतो.

घालण्याची वेळ आणि टिकवण्याची पद्धत

पाने धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. ओल्या पानाला ड्रेसिंग चिकटत नाही, ते तळाशी जाऊन बसते. कोबी, गाजर, नवलकोल यांना ड्रेसिंग दहा मिनिटे आधी घालावे. पालेभाजी, टोमॅटो यांना अगदी पानात वाढताना. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणातल्या पावसात पालेभाजी चिखलाने माखून येते. त्या दोन महिन्यांत कच्चा पाला टाळून उकळत्या पाण्यातून काढलेल्या भाज्यांवरच ही ड्रेसिंग वापरावीत.

रोजचे सोया-व्हिनेगरचे ड्रेसिंग लसणाशिवाय केले तर फ्रिजमध्ये दोन आठवडे राहते. तिळाचे आणि शेंगदाण्याचे चार-पाच दिवस, गाजराचे तीन दिवस. मिरचीचे तेल कोरड्या बरणीत महिनाभर सहज टिकते, मात्र त्यात कच्चा लसूण घातला असेल तर ते बाहेर ठेवू नये. तेलात बुडालेल्या लसणाला हवा लागत नाही, आणि अशा जागी बोट्युलिनम नावाचा जिवाणू वाढून वास किंवा रंग न बदलताही विष तयार करू शकतो. लसणाचे तेल लागेल तेवढेच करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. फ्रिजमधून काढलेले ड्रेसिंग गढूळ दिसले तर घाबरू नये, पंधरा मिनिटांत ते पूर्ववत होते. शेंगदाण्याचे उरलेच तर दुसऱ्या दिवशी सकाळी थोडे गरम पाणी घालून गरम भाकरीबरोबर खावे. आमच्याकडे ते त्यासाठी मुद्दाम जास्त केले जाते.